बाळ्याचा बोटीतला फोटो

बाळ्याची शपथ माझ्यामुळं मोडली.

वर्षभर हे कुणाला बोललो नाही. आज सगळ्यांसमोर लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाळ्या म्हणजे आमचा बाळासाहेब. मी, बाळ्या आणि सोम्या पुणतांब्यात एकाच गल्लीत वाढलो. मी आता ओमानला पाण्याचा टँकर चालवतो. ते दोघं गावातच राहिले.

बाळ्याचा थोरला भाऊ शेततळ्यात बुडून गेला. बाळ्या तेव्हा सातवीत होता.
तळ्याला खालून प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ धरतं. पाय घसरला की धरायला काहीच सापडत नाही.

मावशीने, म्हणजे बाळ्याच्या आईने, त्याचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली. पाण्यात जायचं नाही. कधीच.

आमचं गाव गोदावरीच्या काठाला. पण गणपती बुडवायला आम्ही सगळे पाण्यात आणि बाळ्या वर घाटावर, आमच्या चपला सांभाळत.

दसरा झाल्यावर मी सुट्टीवर आलो होतो. परवाचा दसरा नाही, त्याच्या आदला. मला घरात बसवत नाही. दोन दिवसांतच म्हणलं, चला कुठंतरी. सोम्या म्हणला, धरणाच्या बॅकवॉटरला एक नवीन हॉटेल झालंय, काठाला बार आणि समोर बोटिंग.

गाडी बाळ्याने चालवली, कारण तो पीत नाही.

तिथला नियम होता, आधी बोट, मग बाटली. पिलेल्या माणसाला बोटीत घेत नव्हते.
बाळ्या म्हणला, तुम्ही जाऊन या, मी तोवर मासे तळायला सांगून ठेवतो. मोबाईल द्या माझ्याकडं, भिजतील.

आणि मी बोललो.
"आयुष्यभर चपलाच सांभाळ तू."

एवढंच. चेष्टेत बोललो होतो. सोम्या हसला. शेजारच्या टेबलावरचे पण हसले.
बाळ्या हसला नाही. उठला आणि लाइफ जॅकेट मागितलं.

बकल त्याने तीनदा तपासलं. मग माझं तपासलं, मग सोम्याचं. बोटीत बसल्यावर माझं मनगट जे धरलं ते सोडलंच नाही.

मधोमध गेल्यावर इंजिन बंद पडलं.

बोटवाला दोरी ओढतोय, ओढतोय, सुरू होईना. वारा सुटला. बोट आडवी होऊन डुलायला लागली. काठावरची माणसं एवढी एवढीशी दिसत होती.
मला पोहता येतं, पण डोक्यात एकच, याला काही झालं तर मावशीला तोंड कसं दाखवू.

बाळ्या पाण्याकडं बघत होता. हळूच म्हणला,
"पव्या, दादाला लई येळ लागला आसंल का रे?"

मी दुसरा हात त्याच्या हातावर ठेवला.

दहा मिनिटं असतील. मला अख्खी दुपार गेल्यासारखी वाटली.
मग इंजिन लागलं. बोट वळली, काठ जवळ यायला लागला आणि बाळ्या हसायला लागला. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हा नुसता हसतोय. तेवढ्यात सोम्याने माझ्या मोबाईलमधे फोटो काढला.

काठावर आल्यावर बाळ्या म्हणला, "ह्यो फोटो कुटं टाकू नको. स्टेटसला बी न्हाई. आईला कळता कामा न्हाई."

मी हो म्हणलो. त्या दिवशी बाटली उघडलीच नाही आम्ही. मासे खाल्ले आणि घरी आलो.

तीन महिन्यांनी बाळ्या गेला.

पाण्यात नाही. पहाटे मोटरसायकलवर डेअरीला दूध घालायला निघाला होता, धुकं होतं. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही.

मला सुट्टी मिळाली नाही. त्याची माती मी व्हिडिओ कॉलवर बघितली.

तेराव्यानंतर मावशीचा फोन आला.
"परवीन, खरं सांग. बाळू कदी पान्यात गेल्ता का?"
तिच्या मनात बसलं होतं, शपथ मोडली असंल म्हणूनच पोरगं गेलं.

"न्हाई मावशी," मी म्हणलो.

तेव्हापासून दर शुक्रवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, मावशीचा फोन येतो. जेवला का विचारते, तब्येत विचारते. आणि ठेवायच्या आधी पुन्हा तेच. "गेला न्हवता ना?"
मी पण पुन्हा तेच खोटं.

गुरुवार लागला की जेवण जात नाही. आणि हळूहळू मलाच वाटायला लागलं, माझ्या त्या एका वाक्याने तर नाही ना गेला?

परवा सोम्याचा फोन आला. वर्षश्राद्धाला मोठा फोटो करायचाय. घरात दोनच सापडले, एक आधार कार्डावरचा आणि एक कुणाच्या तरी लग्नातला. मावशी सारखी म्हणतेय, माझं पोरगं हसताना एकात बी न्हाई.

हसतानाचा एकच आहे. तो माझ्याकडं.

काल सकाळी टँकर बाजूला लावला आणि मीच फोन केला. सगळं सांगितलं. चपलांचं पण.

मावशीने सगळं ऐकून घेतलं.
मग म्हणली, "जाकीट घातलं हुतं का?"
"व्हय मावशी. तीनदा बकल तपासलं त्यानी."
"पाठीव."

पाठवला. ब्लू टिक आली. पुढं काहीच नाही. मेसेज नाही, फोन नाही. कालचा दिवस कसा काढला माझं मला माहीत.

आज सोम्याने सांगितलं. फोटो बघून मावशी काल त्याला घेऊन राहात्याला गेली होती, स्टुडिओत. स्टुडिओवाला म्हणला, मागचं पाणी काढून टाकतो, गुलाबाची फुलं लावतो.

मावशी म्हणली, "ऱ्हाऊ दे पानी. तिथून माघारी आलाय त्यो."

बाळ्या, आज वर्ष झालं. फोटो टाकतोय रे. आता आईला माहीत आहे.

यंदा गणपतीला आलो की घाटावर चपलांपाशी मी बसणार.

मनापासून श्रद्धांजली, भावा.