दोन दिवसांचं एन्झाइम

शाहीन गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या बसस्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट बघत उभा होतो. तिलाच भेटायला निघालो होतो. काय बोलायचं ते आठ दिवस मनाशी घोकलं होतं, वाक्यं जुळवली होती, मोडली होती... आणि फोन वाजला. तिच्या विद्यार्थिनीचा, सोनालीचा. "सर, मॅडम गेल्या... सकाळी." मागून गाडी लागली, कंडक्टरनं "नांदेड, नांदेड" म्हणून हाळी दिली आणि मी चढून बसलो. वरातीमागून घोडं म्हणतात ते मी. जे सांगायला निघालो होतो ते तीस वर्षं जुनं होतं आणि सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती.

आता त्याला दीड महिना होत आला. वाचकांना शाहीन माहीत असायचं काही कारण नाही. नांदेडच्या जुन्या वस्तीतल्या एका शिंप्याची ती मुलगी. आधी विद्यार्थिनी आणि मग प्राध्यापक म्हणून एकाच प्रयोगशाळेत तिनं आयुष्य काढलं, आणि केळं कापून ठेवलं की काळं का पडतं याचा शोध घेतला. "एवढ्यासाठी पीएचडी? माझ्या आईला विचार, ती सांगंल," असं मी तिला चिडवायचो. मी निलंग्याकडच्या खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरातून आलेला, आणि त्याच प्रयोगशाळेत तिच्या शेजारच्या टेबलावर काम करणारा. ती म्हणायची, "काळं पडतं हे तुझी आई सांगंल रे. कोण पाडतं, ते मी सांगते." पाडणारं एक एन्झाइम असतं. पुस्तकी मराठीत त्याला विकर म्हणतात, पण आमच्या तोंडी तो शब्द कधी बसला नाही. तिला ते केळ्याच्या गरातून एकटं, निखळ बाहेर काढायचं होतं, ते कसं घडलंय आणि कसं काम करतं ते बघायचं होतं.

हे काम म्हणजे सोशिकपणाची परीक्षा. अर्धापूरहून केळीचे घड यायचे. सोलून, बर्फात गार केलेल्या पाण्यात वाटायचे आणि मलमलमधून गाळायचे. मलमल तिच्या अब्बांच्या, म्हणजे वडिलांच्या, दुकानातली. मग त्या पाण्यात एक क्षार चिमूट चिमूट टाकत बसायचं, म्हणजे नको ते खाली बसतं आणि हवं ते वेगळं होतं. मग ते एका पातळ पारदर्शक पिशवीत भरायचं, दोन्ही तोंडं बांधायची आणि क्षार निघून जाईपर्यंत गार पाण्यात सोडायचं. माझ्या पिशव्या हमखास गळायच्या. तिची एकही गळल्याचं आठवत नाही, कारण ती अब्बांचा मेण लावलेला दोरा वापरायची आणि गाठही त्यांनी शिकवलेली मारायची. एवढं करून घडच्या घड संपायचे आणि हातात उरायचं ते चहाच्या चमच्याएवढं पाणी.

एकदा मी तिच्याबरोबर अब्बांच्या दुकानात गेलो होतो. ते काज करत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "बेटी, ये तुम्हारा जो है, गरम हुआ तो मरता कैसा?" शाहीननं समजावलं, की हा एक लांबच लांब धागा आहे, एका ठरावीक घडीत बसलेला. त्या घडीच्या खिशात तांब्याचे दोन अणू असतात आणि सगळं काम तिथंच चालतं. उष्णता लागली की घडी उलगडते, धागा तोच राहतो पण काम होत नाही. अब्बांनी दात लावून दोरा तोडला आणि म्हणाले, "मतलब कपडा वहीच है, सिलाई उधड गई." पुढं लातूरच्या कॉलेजात मी तीस वर्षं हे वाक्य वर्गात वापरलं. पोरं खूश व्हायची. ते कुणाचं, हे मी त्यांना एकदाही सांगितलं नाही. पण हे पाप लहान आहे, मोठं पुढं आहे.

मे महिना होता. नांदेडचा मे ज्यानं काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. शाहीनच्या तीन महिन्यांच्या खटपटीनंतर चार छोट्या नळ्यांत शुद्ध एन्झाइम जमलं होतं आणि ते फ्रीजमध्ये होतं. ती मावसबहिणीच्या लग्नाला हैदराबादला निघाली. जाताना म्हणाली, "दिगंबर, लक्ष ठेव रे. बाकी काही नको करू, फक्त लक्ष ठेव." आमच्याकडं विजेचा दाब खालीवर व्हायचा आणि प्रयोगशाळेत स्टॅबिलायझर एकच. तो फ्रीजला लावलेला असायचा. मला माझ्या यंत्रावर तासाभराची मोजणी करायची होती, म्हणून मी फ्रीजची पिन काढली आणि माझी लावली. तासाभरानं परत लावायची होती... पण दुपारच्या गाडीनं मला लातूरला जायचं होतं, मुलगी बघायला. तीच आज माझी बायको आहे. डोक्यात नवा शर्ट होता, भांग होता, फ्रीज नव्हता. मोजणी संपली, मी यंत्र बंद केलं आणि निघालो.

चौथ्या दिवशी सकाळी आलो तर फ्रीजखाली पाण्याचं थारोळं. दार उघडलं तर आतून गरम वाफ तोंडावर आली. मी पिन लावली, फरशी पुसली, नळ्या होत्या तशा ठेवल्या आणि टेबलावर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी ती आली. नळ्या काढल्या, तपासल्या, पुन्हा तपासल्या. एन्झाइम जवळपास मेलेलं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "लाईट गेली व्हती का रे?"

तिथं मी नुसतं "हो, गेली असंल" म्हणालो असतो तरी चाललं असतं. खोटंच, पण तिच्या कामाला धक्का न लावणारं खोटं. पण मला वाटलं, ही शिपायाला विचारील, तो नाही म्हणेल आणि मग माझ्याकडं बोट येईल. म्हणून मी छातीठोक सांगितलं, "न्हाई, लाईट तर व्हती. फ्रीज चालूच व्हता." तिनं नळ्या एकेक करून परत जागेवर ठेवल्या. मग म्हणाली, "मग याचा स्वभावच असा हाय. थंडीतही टिकत न्हाई." आणि तिनं ते वहीत लिहिलं.

मी खोटं बोललो आणि तिनं ते विज्ञान म्हणून लिहून घेतलं. माझ्या शब्दावर तिचा विश्वास होता, आणि शंका घ्यायची ती तिनं बिचाऱ्या एन्झाइमवर घेतली. पुन्हा तीन महिने घालवून खात्री करायला वेळ नव्हता, आमचे मार्गदर्शक निवृत्त होणार होते. टिकत नाही, तर मरायच्या आत उरकायचं, असं तिनं ठरवलं. नक्की किती टिकतं ते माहीत नव्हतं, म्हणून सावधपणे शुद्ध झाल्यापासून दोन दिवसांत सगळी मोजणी संपवायची. फ्रीजच्या दारावर चिठ्ठी लागली, ‘दोन दिवस. नंतर उपयोग नाही.’ प्रबंधातही तसं छापलं गेलं. इतरांच्या शोधनिबंधांत हे एन्झाइम थंडीत आठवडेच्या आठवडे टिकतं असं वाचलं की ती हसून म्हणायची, "आपल्या अर्धापुरी केळ्याचं नाजूक असंल." मीही हसायचो. कसा हसायचो, कोण जाणे.

इथवर मी स्वतःला माफ केलं असतं कदाचित. पण त्याच्या पुढच्या थंडीत एका दुपारी ऑफिसातून निरोप आला, अब्बांना छातीत दुखतंय, दवाखान्यात नेलंय. शाहीनच्या हातात नळी होती. दुसरा दिवस चालू होता आणि प्रबंधाची शेवटची मोजणी उरली होती. मी म्हणालो, "तू जा, मी करतो." ती म्हणाली, "तुला जमणार न्हाई रे. आज सोडलं तर उद्या मेलेलं असंल. दोन तास... दोनच तास. अब्बालाच आवडणार न्हाई काम सोडलेलं." ती माझ्याकडं बघत होती. मी पुन्हा एकदा ‘जा’ म्हणालो तर ऐकेल, अशा नजरेनं. फ्रीज माझ्या पाठीमागं दोन हातांवर होता. ‘ठेव फ्रीजमध्ये, टिकतं ते, ती चूक माझी होती’, एवढंच म्हणायचं होतं. शब्द दातांपर्यंत आले होते, खरंच सांगतो. मी म्हणालो, "बघ बाबा, तुझं तू ठरव."

ती पोचली तेव्हा अब्बांना जाऊन अर्धा तास झाला होता. शेवटपर्यंत शुद्धीवर होते, दाराकडं बघत होते, असं तिच्या आईनं सांगितलं. शाहीननं यावरून मला कधी एक शब्द विचारला नाही. विचारायला काही होतं, हेच तिला ठाऊक नव्हतं.

मी लातूरला नोकरीला लागलो, ती तिथंच शिकवायला राहिली. मैत्री टिकली. ईदला शिरखुर्म्याचा डबा गाडीवाल्याकडून यायचा, मी हुरडा पाठवायचो. तिचे विद्यार्थी पळताना दिसले की ओळखायचं, दुसरा दिवस चालू आहे. लग्नकार्य, आजारपण, पाहुणे, सगळं दुसऱ्या दिवसानंतर. "मॅडमची घाई" म्हणून विभागात ती प्रसिद्ध होती आणि मीही त्यावरून विनोद करत आलो.

मग तिच्या किडन्यांनी दगा दिला. शेवटच्या भेटीत ती पलंगावर उशीला टेकून बसली होती, हात काटकुळे झाले होते. म्हणाली, "दिगंबर, एक गंमत करून राहिले मी. यावेळची एक नळी तशीच ठेवली फ्रीजमध्ये. सोनालीला म्हणले, फेकू नको. इतक्या वर्षांत एकदा तरी पुन्हा बघायला पाहिजे व्हतं, न्हाई का? चुकलंच माझं." *माझं* म्हणाली ती. समोर मी बसलेलो. मी तिच्या उशीची घडी नीट केली आणि म्हणालो, "आता त्याचा विचार नको करू, आराम कर." घरी येऊन आठ दिवस तळमळलो आणि मग बसस्टँड गाठला. तो दिवस सुरुवातीलाच सांगितलाय.

चाळिसाव्या दिवसाच्या दुआंना तिच्या घरी जाऊन आलो आणि तसाच प्रयोगशाळेत गेलो. सोनाली एकटीच होती. ही अर्धापूरची, केळीवाल्या घरची पोर. फ्रीज नवा होता पण कोपरा तोच, आणि दारावर चिठ्ठीही तीच, चिकटपट्टी तेवढी बदललेली. खणात अब्बांच्या दोऱ्याचं रीळ होतं, संपत आलेलं. मी म्हणालो, "मॅडमनी ठेवलेली नळी काढ." तिनं काढली. दोन महिने होत आले होते. तिनं परीक्षानळीत पाण्यासारखं स्वच्छ, जितं एन्झाइम पडलं तरच काळवंडणारं द्रावण घेतलं आणि त्यात दोन थेंब टाकले. आधी पिवळसर, मग तांबूस, आणि बघता बघता चहासारखं तपकिरी झालं.

"सर, हे तर जितं हाय!" सोनाली ओरडलीच. "मग मॅडम आम्हाला एवढं का पळवायच्या?"

मी स्टुलावर बसलो आणि सांगितलं. स्टॅबिलायझर, पिन, लातूर, फरशी, अब्बा... सगळं. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही तिच्या विद्यार्थिनीला. खरंच दोन मिनिटं लागली नाहीत. ती ऐकत उभी राहिली.

"मॅडमला म्हणले व्हते का तुम्ही हे?"

"नाही."

सोनाली टेबलाकडं वळली. माझ्याकडं बघितलंही नाही. नळी बर्फात ठेवली, वही उघडली, यंत्र चालू केलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. खाली तिचे वडील मोटारसायकल घेऊन आले होते, तिला घरी न्यायला.

"बाबा, दोन तास थांबा ना," ती फोनवर म्हणत होती. "एवढं उरकूनच येते. लई मोलाचं हाय, आज सोडलं तर..."

मी उठलो. तिच्या हाताजवळची नळी उचलली आणि फ्रीजमध्ये ठेवून दार लावलं.

"टिकतं ते," मी म्हणालो. "तू जा. वडील थांबलेत."