मावशींच्या हातचा लेंगा

चार वर्षांपूर्वी मी शाळेच्या मागच्या पायऱ्यांवरून घसरलो. लोणावळ्यात दिवाळी तोंडावर आली तरी दगडावरचं शेवाळ हटत नाही. वीस वर्षं तिथं गणित शिकवूनही त्या दिवशी मी घाई केली. डाव्या नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. डॉक्टरांनी पायाला बाहेरून सळ्या लावल्या आणि त्या निदान पाच महिने राहतील असं सांगितलं.

तळेगावला घरी आलो आणि पहिली अडचण आली ती कपड्यांची. एकाही पँटमध्ये तो पाय जाईना. बायकोनं एक जुनी पँट मांडीपर्यंत उसवून पिना लावून दिल्या, तर कापड सळ्यांत अडकायला लागलं. घरात लुंगी चालत होती, पण लुंगी लावून दहावीच्या वर्गापुढं जायला मन धजेना. मी रजा वाढवून मागितली आणि दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागलो.

वडिवळ्याहून आमचे आबा, म्हणजे वडील, भेटायला आले. त्यांनी जन्मभर भातशेती केली आणि जन्मभर पांढरा लेंगाच घातला. थोडा वेळ बसले, मग पिशवीतून स्वतःचा धुतलेला लेंगा काढून माझ्या पायाशी ठेवला.

"पँटी फाडत बसू नगंस. ह्यो घालून बघ."

घोट्यापर्यंत लेंगा छान चढला, पण पोटरीपाशी सळ्यांवर अडला. आबांनी तो घडी करून परत पिशवीत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामशेतच्या शिंपीणमावशींना घेऊनच आले. सासऱ्यांच्या मागं त्यांच्याच शिलाई मशीनवर त्या आसपासच्या गावांचे लेंगे शिवत होत्या. आबांचेही त्याच शिवायच्या.

पायाला धक्का लागू न देता त्यांनी सळ्यांवरून टेप फिरवली. माप घेता घेता सासऱ्यांकडून ऐकलेलं सांगत होत्या. पूर्वी सगळे धोतर नेसायचे. मग गावातली माणसं देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला लागली, मशीनपाशी धोतराचा सोगा अडकायची भीती वाटू लागली, म्हणून लेंगे शिवून घेऊ लागली. सुट्टीला घरी आली की परत धोतर. हळूहळू शेतातही लेंगाच राहिला. पुढं बेलबॉटम आली नि गेली, चिकटून बसणाऱ्या पँटी आल्या. पण कमरेला नाडी, सरळ पाय आणि मांडी घालून बसता यावं म्हणून मधे जोडलेला कापडाचा तुकडा, यात सासऱ्यांनी काही बदललं नाही, मावशींनीही नाही.

मी म्हणालो, "मावशी, डावा पाय तेवढा रुंद करा. बाकी नेहमीसारखाच."

त्यांनी टेप गुंडाळली.

"एकच रुंद केला तर लोक आदी पायाकडं बघत्याल, मग तुमच्याकडं. दोनी सारकंच करते."

मी मान डोलावली. बायको चहा आणायला म्हणून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

चौथ्या दिवशी तीन लेंगे आले. मी मुख्याध्यापिकाबाईंना फोन करून लेंग्यावर आलो तर चालेल का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, भूमिती अडलीय, तुम्ही या. सोमवारी कुबड्या घेऊन वर्गात गेलो. एका मुलीनं खुर्ची पुढं सरकवली आणि कालच्या गृहपाठातलं प्रमेय विचारलं. लेंग्याविषयी कुणीच काही बोललं नाही.

सळ्या निघाल्या, हाड जुळलं. आता शाळेत पँट घालतो, पण घरी, लग्नाला, गावाला लेंगाच. बसायला, उठायला, चालायला इतका मोकळा कपडा दुसरा नाही, आणि इस्त्री करून वर कुडता घातला की देखणाही दिसतो, हे मला पन्नाशीत कळलं. पुण्यात कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या मुलीनं तर माझा एक पळवला. तिच्या मैत्रिणी कुठून घेतलास म्हणून विचारतात.

गेल्या महिन्यात तिच्या मापाचे दोन शिवायला टाकायला आम्ही कामशेतला गेलो. तेव्हा मावशींना मी म्हणालो, की तुम्ही आला नसतात तर मी ते वर्षभर घरातच पडून राहिलो असतो. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि मुलीला विचारलं, "नाडी का इलॅस्टिक?"

मुलगी म्हणाली, "नाडीच."