पाच सुताच्या बोल्टासाठी घोडनदी आणि दौंड

सोमवारी सकाळी गाडीखाली तांबूस तेलाचं थारोळं दिसलं. बॉनेट उघडलं. पॉवर स्टेअरिंगच्या पंपावर एक पोकळ बोल्ट असतो, त्याच्या पोटातून तेल पाइपात जातं. त्या बोल्टाला चीर गेली होती. अंगठ्याएवढी वस्तू. तिच्यासाठी मी शिरूर आणि दौंड अशी दोन गावं पालथी घातली आणि दोन्हीकडून संतापून परत आलो. ज्यांच्या दारात अशीच जुनी गाडी उभी आहे, त्यांनी हे नीट वाचावं.

मी राहूचा. साखर कारखान्यात ड्रायव्हर होतो. साहेबांची ही पांढरी गाडी मीच चालवायचो. पुढे साहेबांना नवी गाडी आली, जुनी लिलावात निघाली, ती मी घेतली. कंपनीनं हे मॉडेल कधीच बंद केलं आहे. पण हिला पॉवर स्टेअरिंग आहे आणि तिथंच सगळी गोम आहे. बांधावरून पडल्यापासून माझा उजवा खांदा वर जात नाही. साधं स्टेअरिंग मला ओढवत नाही. हिचं मात्र डाव्या तळव्यानं फिरतं. बायकोचे गुडघे गेलेत, तिला एसटीची पायरी चढवत नाही. म्हणजे ही गाडी थांबली की आम्ही दोघंही घरात बसलो.

मुलगा संतोष कुरकुंभच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, "आण्णा, किती दिवस ओढणार हिला? द्या आता भंगारात."

मी म्हटलं, "बोल्ट मिळाला नाही तर बघू."

तो मोबाइल बघायला लागला. मला वाटलं, विषय संपला.

मंगळवारी निघालो. तुटका बोल्ट फडक्यात गुंडाळून आतल्या खिशात ठेवला आणि पारगावपर्यंत दहा वेळा तरी खिसा चाचपला. राहूहून पारगावला जीप मिळते, ती भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा घाईच्या माणसानं तिच्या नादी लागू नये. पारगावहून न्हावरामार्गे शिरूरची एसटी. रस्ता न्हावऱ्यापर्यंत बरा, पुढे उसाच्या ट्रॅक्टरांनी पार चाळण केलेला. त्यावर पट्टे मारायला पैसे आहेत, खड्डे बुजवायला नाहीत. कंडक्टर अजून शिरूरच्या जुन्या नावानं "घोडनदी, घोडनदी" असंच ओरडतो, ते ऐकून तेवढंच बरं वाटलं.

आधी नगर रोडवरच्या शोरूमला गेलो. काचेचं दार, आत गारठा, टाय लावलेला एक इसम कॉम्प्युटरपुढे. मी फडकं सोडून बोल्ट ठेवला. त्यानं तो बोटानं बाजूला सारला. काचेला डाग पडला म्हणून.

"पार्ट नंबर काय आहे?"

"नंबर नाही. हा बघा ना, पार्टच आणलाय."

"नंबरशिवाय सिस्टीम घेत नाही, काका."

गाडीचं नाव सांगितलं. त्यानं काहीतरी टाइप केलं आणि म्हणाला, "ऑब्सोलीट दाखवतंय."

"म्हंजे?"

"म्हणजे हा पार्ट आता लागत नाही."

"अहो, मला लागतोय!"

"तसं नाही काका. मार्केटला लागत नाही."

मी राहूपासून धक्के खात आलो, तो लागत नाही म्हणून? वर म्हणतो, नवीन गाडीवर एक्स्चेंज ऑफर आहे, बसा, चहा घ्या. चहा न घेता उठलो. नंतर वाईट वाटलं, कारण बाहेर ऊन फार होतं आणि चहा फुकट होता.

शिरूर स्टँडजवळ मिसळ खाल्ली. मिसळ चांगली आहे, तर्री वेगळी मागा, नाहीतर घसा धरतो. तिथंच कुणीतरी बाजारपेठेतल्या नटबोल्टच्या जुन्या दुकानाचा पत्ता दिला. दुकानदार माझ्याच वयाचा, गळ्यात चष्मा, मागे भिंतभर पत्र्याचे डबे.

"जय भीम, आबा. बोला."

"जय भीम. असला पोकळ बोल्ट पाहिजे."

"किती सुती?"

"पाच सूत."

नवीन मंडळींसाठी सांगतो. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. आम्ही कारखान्यात सगळं सुतातच बोलायचो. पाच सुताचा पाना, चार सुताचा नट. त्यानं एक डबा उतरवला, त्यातला एक बोल्ट काढला, माझ्या बोल्टाला लावून धरला.

"हुबेहूब. आईशप्पथ सांगतो, जुळा भाऊ हाय."

खरं तर मी तिथंच डोळ्याजवळ धरून बघायला हवं होतं. पण चष्मा घरी राहिला होता, एसटीचा भोंगा ऐकू येत होता, आणि ही गाडी चुकली तर पुढची कधी, या काळजीनं मला दम निघत नाही. तांब्याच्या दोन चकत्या घेतल्या, पैसे टाकले आणि पळालो. एसटी सुटायला अजून अर्धा तास होता. भोंगा दुसऱ्याच गाडीचा होता.

बुधवारी सकाळी गावातला मेकॅनिक बबन आला. बोल्ट हातानं फिरवला. दोन आटे गेले, तिसरा गेला, पुढे अडला. त्यानं पान्याला हातभर पाइप लावला.

"थांब," मी ओरडलो.

"आबा, बसतंय की. जरा तोंड कडक हाय. लावू का जोर?"

"पंपाचे आटे गेले तर तू देणार हाईस का पंप?"

"तुमी लईच काळजी करता राव."

मी त्याच्या हातातून बोल्ट काढून घेतला, चष्मा लावला आणि जुना-नवा एकमेकांत बसवून उन्हाकडे धरले. तीन-चार आट्यांपर्यंत दातात दात. पुढे मधून उजेड दिसायला लागला आणि शेवटी एकाचा दात दुसऱ्याच्या दातावर. म्हणजे जाडी जवळजवळ तीच, पण आट्यांची चाल, म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर, वेगळी. जोर लावला असता तर पंपाचं तोंड कायमचं खराब झालं असतं.

दुकानदाराला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "आबा, तुमी पाच सूत म्हणाला, म्या सोळा एमेम दिला. पाच सूत म्हंजी सोळाच की."

"कोण म्हणतं?"

"समदं शिरूर म्हणतं. स्लॅबची सळई न्हाई का? सोळाची सळई, तिला समदेच पाच सुती म्हणत्यात."

"अहो, मी स्लॅब टाकतोय का? गाडी हाय ती! सळईला आटे असत्यात व्हय?"

"आता त्याला म्या काय करू?" म्हणाला आणि फोन ठेवला.

माझी गाडी इंचाच्या जमान्यातली. तिला खरं पाच सूतच लागतं. दोन्हींत केसाएवढा फरक आहे. पण सळईवाल्यांनी सोळाला पाच सूत म्हणायला सुरुवात केली, मग नटबोल्टवालेही म्हणू लागले, आणि आता कुणाला वाटतही नाही की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बांधकामात चालतं म्हणून सगळीकडे चालवायचं? तुम्ही कधी जुन्या गाडीचा बोल्ट घ्यायला गेलात तर तोंडानं सूत सांगू नका. जुना बोल्ट नव्याच्या आट्यांत बसवा, उजेडाकडे धरा, आणि भोंगा वाजला तरी हलू नका.

गुरुवारी दौंड. बबननं सांगितलं होतं की तिकडे भंगाराच्या आवारात जुन्या गाड्या उभ्या असतात. राहूहून जीपनं केडगाव, तिथून पॅसेंजर. पॅसेंजर स्वस्त आहे आणि जागा मिळते, फक्त कडेठाणला उगाच थांबून राहते आणि का थांबली ते कुणी सांगत नाही. गुऱ्हाळांचा धूर शेतांवर आडवा पसरलेला, गुळाचा वास डब्यात येत होता. एरवी मला तो आवडतो. त्या दिवशी मी फक्त हिशोब करत होतो की परतीची गाडी चुकली तर मुक्काम कुठं करायचा.

दौंड स्टेशनबाहेर रिक्षा करावी, पण आधी भाडं ठरवून. मी आवाराचं नाव सांगितलं, तो म्हणाला लांब आहे. लांब नव्हतंच, एका वळणावर होतं. भांडलो, पण देऊन टाकले.

पत्र्याचं मोठं फाटक. आत चेपलेल्या रिक्षा, बिनचाकांचे टेम्पो, इंजिनांचा ढीग. मध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर साठीच्या एक बाई, पदर खोचलेला, हातात मोबाइल, समोर वजनकाटा. सगळे त्यांना मंगलताई म्हणत होते. मालक वारल्यापासून त्याच आवार बघतात, असं रिक्षावाल्यानं सांगितलं होतं.

मी बोल्ट दाखवला, गाडीचं नाव सांगितलं. त्यांनी बोल्ट फिरवून पाहिला.

"ही गाडी आता मिळत न्हाई, आबा. पर तुमचं नशीब चांगलं हाय. रविवारी या."

"रविवारी काय?"

"असलीच एक गाडी यायचीय. पांढरी. तिचा काढून देते."

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! तालुक्यात आपल्यासारखीच दुसरी गाडी आहे हे मला माहीतच नव्हतं. सहज विचारलं, "कुठनं येतीय?"

"राहूवरनं."

मी म्हटलं, "राहूत कुणाकडं?"

"हाय कुणी म्हातारा. कारखान्यात ड्रायव्हर हुता म्हणं. आता त्याला धड दिसत न्हाई, हात चालत न्हाई, आन् गाडी काय सोडत न्हाई. पोरगं बिचारं वैतागलंय. कुरकुंभला असतंय. परवा इसार घिऊन गेलं."

मी खुर्ची नव्हती म्हणून एका टायरवर बसलो. मग म्हटलं, "बाई, तो म्हातारा मीच."

मंगलताईंनी जीभ चावली. मग माझ्याकडे बघितलं, बोल्टाकडे बघितलं आणि एकदम हसल्या. "अगं बया! म्हंजी तुमच्याच गाडीचा बोल्ट काढून तुमालाच इकणार हुते की मी!"

"हसता काय? दिसत नाही म्हणे! केसाएवढा फरक मी पकडला, शिरूरच्या दुकानदाराला दिसला नाही. आणि मला न विचारता इसाराचे पैसे घेतले?"

"माझ्यावर का वरडता? मला काय म्हाईत, पोरानं इचारलं न्हाई ते? कागद बापाच्या नावावर हाय, बाप सही देनार, असं म्हणाला त्यो."

"बाप सही देणार नाही."

"नका दिऊ. इसार परत करा म्हंजी झालं." मग खुर्चीतून उठत म्हणाल्या, "उठा. गाडी न्हाई, पर पंप असंल. त्या कोपऱ्यातली मिनीबस बघा. माझे मालक म्हणायचे, दोन्हीला पंप एकच."

मी कोपऱ्यात गेलो. मिनीबसला बॉनेट नव्हतं, आत बाभळीची काटेरी फांदी वाढलेली. फांदी बाजूला सारली आणि पंपावर तो बोल्ट दिसला. काळा, धुळीचा थर बसलेला, पण अखंड. ताईंनी हातोडा आणि पाना आणून दिला. डाव्या हातानं तीन ठोके मारले तेव्हा हलला. पुसून दोन्ही बोल्ट एकमेकांत बसवले आणि आभाळाकडे धरले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मधून उजेडाची रेघ नाही.

"झालं का समाधान?" ताई म्हणाल्या.

"किती द्यायचे?"

त्यांनी जो आकडा सांगितला तो ऐकून मी म्हटलं, "शिरूरला नवा याच्या निम्म्यात मिळाला."

"त्यो बसला का?"

मी म्हटलं, "निदान म्हातारा म्हणाल्याबद्दल तरी काही कमी करा."

"त्याचा दंड तुमच्या पोराकडनं वसूल करा," त्या म्हणाल्या, आणि थोडे कमी केलेच.

परतीची पॅसेंजर मिळाली. पण येताना मला काय दिसलं, कोण शेजारी बसलं, काही आठवत नाही. धड दिसत नाही, हात चालत नाही. हे माझ्या मुलानं एका परक्या बाईला, भंगाराच्या काट्याशेजारी उभं राहून सांगितलं होतं.

शुक्रवारी बबननं बोल्ट हातानंच शेवटपर्यंत बसवला, पाना फक्त आवळायला लागला. तेल भरलं. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं, ना घुरघुर, ना थेंब. संध्याकाळी संतोष आला. बायकोनं आधीच त्याला दारात गाठून काय ते सांगितलं असावं, कारण तो चप्पल काढतानाच बोलायला लागला.

"आण्णा, गेल्या आठवड्यात तुम्ही कालव्याच्या पुलावर गाडी किती कडेला घेतली होती, मला लोकांनी सांगितलं. मला भ्या वाटतं."

"मग भ्या वाटतं असं मला सांगायचं. तिला काय सांगितलंस?"

तो चपला भिंतीशी नीट लावत बसला.

"इसार कुठं हाय?"

"खिशात."

"रविवारी चल माझ्यासंगं. ज्या तोंडानं घेतलास, त्याच तोंडानं परत दे."

रविवारी मी त्याला शेजारी बसवून दौंडला नेलं. पाटसच्या पुढे मोठा रस्ता सोडला तरी ट्रकांची गर्दी असते, सकाळी लवकर निघावं. संतोषनं सगळा रस्ता दाराचा हँडल धरून ठेवला होता. मी एकदाही ऐंशीच्या वर गेलो नाही, हेही त्यानं कुणाला सांगितलं तर बरं होईल.

फाटकात हॉर्न दिला. मंगलताई उठून आल्या. "अगं बाई, आणली का गाडी!"

"दाखवायला आणलीय," मी म्हटलं.

संतोषनं इसार त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "चुकलं, ताई. आण्णांना इचारलं नव्हतं." त्यांनी पैसे मोजलेही नाहीत, पदराला बांधले. आवारात वळायला जागा कमी. टेम्पो आणि इंजिनांच्या ढिगामधून मी डाव्या तळव्यानं एका दमात गाडी वळवली. मला ते मुद्दामच करायचं होतं, खोटं कशाला बोलू.

आता घरी बसून हे लिहितो आहे. शोरूमवाल्याचा राग गेला. सोळाला पाच सूत म्हणणाऱ्यांचा गेलेला नाही, जाणारही नाही. रिक्षावाल्याचा अर्धा गेला. मुलाचा राग आहे. खांदा उद्या आणखी धरेल, डोळेही जातील, हे मला कळत नाही असं नाही. कदाचित पुढच्या वर्षी मीच मंगलताईंना फोन करीन. पण तो फोन मी करायचा.

परवा आरटीओच्या पासिंगचा विषय निघाला, मुदत संपत आली होती. जेवताना संतोष म्हणाला, "आण्णा, गाडी पासिंगला मी घेऊन जाऊ का?"

मी घास गिळला. म्हटलं, "विचारलंस ना? मग ने."