सोमवारचं शुभवर्तमान शनिवारी

नाताळच्या आधीच्या आगमनकाळातल्या एका शनिवारी माझी कंबर अडकली आणि दुपारपर्यंत डावा पाय घोट्याच्या वरपर्यंत बधिर झाला. डॉक्टर फोनवर म्हणाले, "आजच या. उशीर केलात तर पाय लुळा राहील." लोणावळ्यातलं आमचं घर टेकाडावर, रिक्षा खाली पायऱ्यांपाशीच थांबते. शेजारचे बबनभाऊ, मूळचे तिकोणा पेठेचे, मला खुर्चीत बसवून उतरवायला तयार होते. पण माझ्यासारखा गलेलठ्ठ माणूस वरातीतल्या नवरदेवासारखा गल्लीतून जाणार, हे मला सोसवेना. सोमवारपर्यंत बरं वाटेल, मग चालतच उतरेन, असं मी सांगत राहिलो. प्रार्थना चालूच होती. फक्त देवाने मदत कशी करावी, तेही मीच ठरवून दिलं होतं.

आमच्या घरी रोज संध्याकाळी बायबलमधलं, त्या दिवसासाठी चर्चने ठरवलेलं शुभवर्तमान वाचतात, आणि वाचणाऱ्यानेच दोन शब्दांत अर्थ सांगायचा असतो. वाचणारा नेहमी मी, आणि माझे दोन शब्द भात गार झाल्याशिवाय संपत नाहीत. त्या दिवशी बायकोने संध्याकाळची वाट पाहिली नाही. वाचनांची पुस्तिका उघडून ती वाचू लागली. काही माणसांनी एका लुळ्या माणसाला खाटेसकट आणलं, गर्दीतून वाट मिळेना म्हणून छपरावर चढवलं आणि कौलं काढून येशूच्या पुढ्यात खाली सोडलं.

मी उशीतूनच ओरडलो, "अगं, हे सोमवारचं! आज येशू शिष्यांना गावोगावी पाठवतो ते आहे. मी सकाळीच बघून ठेवलंय."

दोन पानं एकमेकांना चिकटली होती. ती म्हणाली, "असू दे सोमवारचं. वाचलं मी, म्हणजे अर्थ मीच सांगणार ना?"

"हो, पण..."

"अर्थ एवढाच, की त्या माणसाने 'मी चालत येतो' असं एकदाही म्हटलं नाही. बबनभाऊ, आणा खुर्ची."

भाऊ दारातच होते. "व्हय वयनी. पर पत्रं काडायचं न्हाई हां, आमीच बसवलेत!"

बबनभाऊ, त्यांचे दोघे धाकटे भाऊ आणि खालून बोलावलेला रिक्षावाला, अशा चौघांनी मला उचललं. "लय जड हायेत," कुणीतरी कण्हलं. वेदनेपेक्षा लाजेने मी डोळे मिटले. पायऱ्यांच्या अरुंद वळणावर ते उघडले, तेव्हा दिसलं की रिक्षावाल्याने एका हाताने खुर्ची धरली होती, आणि माझा लोंबता डावा पाय दगडावर आपटू नये म्हणून दुसऱ्या हाताने तो पोटाशी धरला होता. मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

उपचार वेळेत झाले. पाय परत आला, अंगठा तेवढा अजून आळशी आहे. त्यानंतर मी बरीच वाचनं वाचली, अर्थही सांगितले, आताशा थोडक्यात. पण प्रभूचे आभार मानायला बसलो, की ते वळण आठवतं. तो हात माझ्या पायाला कळत नव्हता. पाय मात्र पूर्ण वेळ त्याच हातात होता.