सरगुंड्यांचं शूटिंग

कंपवात आहे असं सेवाग्रामच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मला मरणाची नाही, सरगुंड्यांची काळजी पडली. सिंदीच्या शाळेत मी मुलींना स्वयंपाक शिकवायची. आमच्याकडे उन्हाळ्यात जावई आला की आमरसासोबत ताटात सरगुंडे लागतातच. घट्ट कणकेची बारीक दोरी वळायची, तेल लावलेल्या काडीभोवती ती गुंडाळायची, वळ्याला वळा चिकटवायचा आणि तयार सरगुंडा न मोडता काडीवरून सरकवून उकडायचा. अंगठा किती दाबायचा हे काही बोलून सांगता येत नाही, पाहावंच लागतं. आणि माझा अंगठाच ऐकेनासा झाला होता.

त्यातच शाळेत कॉम्प्युटर आले आणि आमची स्वयंपाकाची खोली त्यांना दिली. शेगड्या, पराती, सगळं व्हरांड्यात. आता प्रात्यक्षिकं पडद्यावरच दाखवायची, तुमची एक सीडी करून घेऊ, असं मुख्याध्यापक म्हणाले. माझं डोकं फिरलं होतं. पण मग म्हटलं, चला बाप्पा, चालतात तोवर हे हात शूटिंगमध्ये तरी राहू देत. पुढच्या पोरी पाहून शिकतील. दुसरा काही उपायच नव्हता.

शूटिंगवाला गावातलाच, लग्नांचं शूटिंग करणारा. त्या दिवशी वेळेवर गोळी घेतली आणि हात शहाण्यासारखे वागले. ताटभर सरगुंडे केले, एकही मोडला नाही. इतकं सुरेख मला आधी कधी जमलं नव्हतं. मधेच तो म्हणाला, बाई, जरा इकडे पाहून हसा. मी हसलेही. तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

सीडी आली. आधी सनई वाजली, मग पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. मग संस्थेचे अध्यक्ष, त्यांचं कुटुंब, सगळे शिक्षक, एकेक करून सरगुंडे खाताना. माझा चेहरा तर बदामाच्या आकारात. हात एकदाच दिसले, अध्यक्षांच्या खांद्यामागे, अर्धेमुर्धे. मला रडू आलं. शूटिंगवाल्याला बोलावून विचारलं, तर तो बिचारा अभिमानानं म्हणाला, "बाई, एकही पाव्हणा सोडला नाई जी मी." लग्नात एखाद्या मामाचा चेहरा राहिला तर लोक त्याला खाऊन टाकतात. त्याच्या हिशेबानं काम चोख झालं होतं, त्याच्यावर काय चिडणार?

दिवाळीनंतर पुन्हा करू, असं ठरलं. दिवाळीपर्यंत माझ्या हातात काडी टिकेना.

पुढे दरवर्षी तीच सीडी लावत राहिले. पोरी पाकळ्या पडताना खिदळायच्या. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी तास संपल्यावर एक मुलगी थांबली. घरून डब्यात कणीक आणि काडी घेऊन आली होती.

"बाई, याच्यात तर काहीच दिसून नाई राह्यलं. तुम्हीच एकदा करून दाखवा ना."

मी काडी घेतली. ती डब्याच्या काठावर टकटक वाजायला लागली, तशी मी ती खाली ठेवली.

"तुह्या मायले विचारजो," मी म्हटलं.

"मायले नाई येत, बाई. तिनंच मले तुमच्याकडून शिकून ये म्हटलं."

मी डब्याचं झाकण लावायला गेले, ते मला लागेना. तिनंच लावलं. मग मी सीडी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, आणि ती डबा मांडीवर घेऊन पाहत बसली.