फोटोतला हात

हमीदाभाभींचा फोन आला तेव्हा मी शारजात शाळेतल्या आम्हा शिक्षकांच्या बसमधून नुकती उतरत होते. "ताई, आमचे गेले…" एवढंच त्या बोलू शकल्या. मग त्यांच्या मुलानं, इम्राननं फोन घेतला. "आंटी, अब्बा पास्ड अवे धिस मॉर्निंग." रस्त्यापलीकडं कुणीतरी ड्रायव्हरला "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होतं, तेच ऐकत राहिले.

दुबईत करामाच्या बिल्डिंगमध्ये इम्रानचे अब्बा, युसुफभाई, कित्येक वर्षं आमचे शेजारी होते. मूळचे गुहागरकडचे. एका शिपिंग कंपनीत स्टोअरकीपर, कोकणी मुसलमानांच्या जमातीच्या कमिटीवर, शब्दाला वजन असलेला माणूस. दोन घरांत वाजलं की लोक निवाड्याला त्यांच्याकडं यायचे. रमजानात त्यांच्याकडून सांदणांची थाळी यायची आणि आमच्या गणपतीला ते पांढराशुभ्र शर्ट घालून सगळ्यांच्या आधी हजर. सत्तरच्या सुमारास ते दुबईत आले, एवढं ठाऊक होतं. सुरुवातीच्या दिवसांबद्दल विचारलं तर म्हणायचे, "कंपनीच्या मेसमध्ये होतो." आणि विषय बदलायचे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. ऊद मेथातल्या एका सभागृहात जुन्या दुबईच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं आणि शुक्रवारी आमची दोन्ही घरं मिळून गेली. एका फोटोखाली चिठ्ठी होती : हा कुठला पब? ओळखत असाल तर कृपया सांगा. लाकडी काउंटरला टेकलेले तीन तरुण इंग्रज, मागच्या खिडकीत खाडीतल्या गलबतांच्या डोलकाठ्या. काउंटरपलीकडच्या माणसाचा मात्र नुसता हात आणि खांद्यावरचं फडकं आलं होतं, चेहरा चौकटीबाहेर कापला गेलेला. दोनतीन जुने लोक हे हॉटेल की ते, असा वाद घालत होते. फोटोजवळ एक वयस्कर इंग्रज बाई उभ्या होत्या. मार्गारेट त्यांचं नाव. मी सहज विचारलं, तर म्हणाल्या, "मधला माझा नवरा, पीटर. हा त्याचा शेवटचा फोटो. तिथून परतताना अबूधाबीच्या रस्त्यावर गाडी उलटली. मी इंग्लंडमध्ये होते, पदरात तान्ही मुलगी. दारूला हात लावणार नाही असं त्यानं मला वचन दिलं होतं… मित्रांनी कळवलं, प्यायलेला होता. मुलीला मी नुसता अपघात सांगितला, पण बाकीचं लोकांनी सांगितलंच. ती जागा एकदा पाहायची आहे, म्हणून ही चिठ्ठी, बस."

मी वळले तर युसुफभाई शेजारी नव्हते. बाहेर पायरीवर बसले होते, चेहरा घामानं डबडबलेला.

"बरं वाटत नाही का?"

"ताई, तो हात माझा आहे."

मला अर्थच लागेना. मग ते थांबत थांबत बोलले. चार वर्षं त्या बारमध्ये होते. वडील गावच्या मशिदीत बांग द्यायचे, त्यांना मेस सांगितलं होतं. पीटर मित्रांबरोबर यायचा आणि यांना हळूच सांगून ठेवायचा, मला फक्त टॉनिक वॉटर, बर्फ आणि लिंबू, दारू नको, नुसतं जिनसारखं दिसू दे, नाहीतर दोस्त हसतील. "त्या दिवशीपण टॉनिकच दिलं. पिऊन गाडी चालवली म्हणून बोंब झाली, ती मी ऐकली होती."

"मग तुम्ही सांगितलं नाही?"

"कुणी विचारलं नाही… आणि मी गेलो नाही. गावात कळलं असतं." मग पुटपुटले, "तोंड तर फोटोत आलेलं नाही."

आत त्यांची बायको होती, मुलगा होता, जमातीतली चार घरं होती. ते काय तोलत होते ते मला कळत होतं आणि त्यांच्याकडं बघवत नव्हतं. शेवटी ते उठले, तोंड पुसलं आणि सरळ त्या बाईंपुढं जाऊन उभे राहिले. त्यांचं इतकं सफाईदार इंग्रजी मी कधीच ऐकलं नव्हतं. "मॅडम, धिस इज द लँटर्न बार. आय वॉज द बारमन." ग्लासात काय होतं तेही सांगितलं. नक्की का, असं बाईंनी पुन्हापुन्हा विचारलं. "मी माझ्या हातानं ओतलं होतं," ते म्हणाले.

"मग इतकी वर्षं का गप्प राहिलात?"

"लाज वाटली, मॅडम."

"आणि मी इतकी वर्षं त्याची लाज बाळगली," बाई म्हणाल्या.

युसुफभाईंनी मान खाली घातली. भाभी लांबून बघत होत्या. इम्रान काहीतरी विचारायला पुढं आला, त्याला त्यांनी हातानंच थोपवलं.

दुसऱ्या दिवशी ते बाईंना खाडीकाठी देऱ्याला घेऊन गेले. बारच्या जागी आता पार्किंग होतं. काउंटर कुठं होता, खिडकी कुठं, ते त्यांनी दाखवलं. उभ्या केलेल्या गाड्यांमध्ये बाई बराच वेळ थांबल्या. माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत, यांनीही माफी मागितली नाही. पुढच्या शुक्रवारी युसुफभाईंनी जमातीला स्वतःच सगळं सांगून कमिटी सोडली. सोडा असं कुणी म्हटलं नव्हतं, पण राहा असंही कुणी म्हटलं नाही. गावाहून मोठ्या भावाचा फोन आला, "बरं झालं, अब्बा हे ऐकायला उरले नाहीत." तेव्हापासून ते नमाजाला शेवटच्या रांगेत उभे राहायचे, असं इम्रान सांगतो. मी एकदा म्हटलं, "त्या बाईला तुम्ही तिचा नवरा परत दिलात." तर म्हणाले, "उशिरा, ताई. पोरगी बापाला दारुडा समजून मोठी झाली…"

परवा भाभींना भेटायला करामाला गेले. नवरा गेल्यावरची इद्दत पाळताहेत, बाहेर पडत नाहीत. मला पाणी देण्याआधी त्यांनी ग्लास खिडकीच्या उजेडात धरला, फडक्यानं आतून-बाहेरून पुसला, बोटांनी फिरवून पाहिला. मी बघत राहिले.

"हे पुसणं त्यांचं," त्या म्हणाल्या. "लग्नानंतर पहिल्या सुट्टीला आले, तेव्हापासून. मेसमध्ये असा ग्लास पुसायला कोण शिकवतं, ताई?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"विचारलं असतं तर मान खाली घालून बसले असते… म्हणून नाही विचारलं."

त्यांनी ग्लास पुन्हा एकदा उजेडात धरला आणि मगच पाणी भरून माझ्या हातात दिला.