वरंधच्या वाट्याचा भूतकाळ

१९५८ साल. दिवाळी सरली होती, भातं कापून खळ्यावर आली होती. त्या हंगामात मी वरंधची मुक्कामाची एसटी चालवत होतो. रात्री गाडी वरंधला, सकाळी पोरं भरून महाडच्या हायस्कुलात. गाडीत विसरलेली छत्री डेपोत जमा करता येते. गाडीत ऐकलेलं जमा करून घेणारी खिडकी नाही. ते माझ्याकडेच साठलं.

इंग्रजीचे मास्तर बिरवाडीला चढत. नवे, अजून कायम न झालेले, आणि बोलके. माझ्या मागे बसून तोंड उघडत. मी पाटीकडे बोट करी : ‘चालकाशी बोलू नये.’ मग ते पोरांकडे वळत.

* * *

एकदा गाडीत एक गोरा साहेब चढला. त्याने काहीतरी विचारलं. आठवीच्या पोरांनी कान देऊन ऐकलं आणि एकाने मास्तरांना सांगितलं, “मास्तर, ह्याला नीट येत नाय.”

मास्तरांनाही त्यातलं काही कळलं नव्हतं. म्हणाले, “नवीन आहे. शिकेल.”

* * *

एका बापाची तक्रार वेगळीच. भर गाडीत मास्तरांना म्हणाला, “वरीस झाला, पोरगा अजून कुणाला इंग्रजीत दम देत नाय. शिकवता काय मग?”

* * *

सगळ्यांना सगळं येणार नाही, हे मास्तरांनी पहिल्या महिन्यातच ओळखलं. त्यांनी इंग्रजी गावांत वाटून टाकलं. वर्तमानकाळ महाडच्या बाकाला, भविष्यकाळ बिरवाडीला, भूतकाळ वरंधला. दासगावला कविता. ज्याच्या वाट्याचा प्रश्न, त्या गावाने उठायचं.

बाजाराच्या दिवशी वरंधची एक बाई दासगावच्या बाईला ऐकवत होती, “आमच्याकडं अख्खा भूतकाळ हाय गो. तुमच्याकडं नुसती कविता.”

दुसऱ्या दिवशी दासगावचे पाटील हायस्कुलात हजर. आमच्यावर अन्याय झाला, आम्हालाही एक काळ द्या, म्हणाले.

* * *

भरलेली गाडी मी थांबवत नसे. नियम तो नियम. एका वकिलाला असाच रस्त्यावर ठेवला. त्याने माझ्यावर इंग्रजीत तक्रार केली. नोकरी जायची वेळ आली.

मास्तरांनी मला न विचारता इंग्रजीत उत्तर लिहून दिलं. डेपोच्या साहेबाने ते दोनदा वाचलं. कळलं नाही, हे कारकुनांसमोर म्हणता येईना. “बरोबर आहे,” म्हणाला आणि तक्रार निकालात काढली.

मला उपकार अंगावर ठेवायची सवय नाही. रात्री झोप लागेना, नुसता कूस बदलायचो.

* * *

हायस्कूल तपासायला इन्स्पेक्टर यायचे होते. त्यांच्या शेऱ्यावर मास्तरांची नोकरी. आदल्या दिवशी मीच इन्स्पेक्टरांना दासगावला सोडलं होतं. तिथली शाळा बघून ते सकाळी माझ्याच गाडीने महाडला यायचे होते.

त्या सकाळी आभाळ भरून आलं. खळ्यावर भात उघडं. अख्खा वरंध पोरांसकट झोडणीला लागला. एकही पोर गाडीत चढलं नाही.

बिरवाडीला मास्तर चढले. रिकाम्या सीट बघून मटकन बसले. “भूतकाळ आलाच नाही?”

महाडपर्यंत पाटी दाखवावी लागली नाही.

त्यांना उतरवून मी दासगावची फेरी घेतली. परतताना गावाबाहेरच्या स्टॉपवर इन्स्पेक्टर उभे. कोट, हॅट, हातात बॅग. त्यांनी हात केला. मग बॅग उंच केली. मग हॅट.

कंडक्टर म्हणाला, “अहो, साहेब हायत. गाडी रिकामी हाय.”

मी गिअर बदलला. पुढची गाडी संध्याकाळची होती.

तपासणी दुसऱ्या दिवशी झाली. वरंधची पोरं केसांत भाताचा भुसा घेऊन आली होती. भूतकाळ खणखणीत म्हणाली. मास्तर कायम झाले.

हुकूम आला त्या दिवशी ते माझ्या मागे बसले. घसा साफ केला. “ड्रायव्हरसाहेब, त्या दिवशी दासगावला...”

मी पाटीकडे बोट केलं.